सभेची वेळ

कामतघरच्या वऱ्हाळा तलावाकडून पालिकेच्या शाळेकडे निघालो की मागांची खटखट थेट फाटकापर्यंत सोबत करते. मुलाचा पालक म्हणून शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेला मी प्रथम गेलो, तेव्हा निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. दुपारचे दोन वाजले होते.

“पालकांना आस्थाच नाही हो!” शेजारचे गृहस्थ म्हणाले. मीही मान डोलावली.

परतताना समितीतल्याच एक बाई भेटल्या. केसांना कापसाचे तंतू चिकटलेले. म्हणाल्या, “भाऊ, दोनच्या सभेला आले तर कांड्या कोण भरणार? मजुरी बुडते.” मी गप्प झालो.

वाचकहो, १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेचा विकास आराखडा करण्याचे काम याच समितीवर सोपवले आहे. तिच्यात निदान पाऊण हिस्सा पालक आणि निम्म्या स्त्रिया हव्यात. पट किती, शिक्षक किती कमी, खोल्या किती हव्यात, हे सारे त्यांनीच मांडायचे. पण कायदा सभेची वेळ थोडीच ठरवतो?

पुढची सभा आम्ही शुक्रवारी घेतली. त्या दिवशी बाईंच्या कारखान्याला सुट्टी. खुर्च्या कमी पडल्या! बाई उठून म्हणाल्या, “मुलींच्या संडासाला आतून कडी नाही. माझी सातवीतली पोर त्यापायी घरी राहते.”

आराखड्यात ते पहिल्या ओळीत लिहिले गेले. कडी मिळते चार पैशांत. पण ती नाही, हे कळायला आम्हांला वार बदलावा लागला.