सुबारू आउटबॅक : मालकांचा अनुभव काय सांगतो?

अमेरिकेच्या बर्फाळ राज्यांत, व्हरमाँट-कोलोरॅडोकडे, कुटुंबाची गाडी म्हणून सुबारू आउटबॅकला चांगली मागणी आहे. १९९४ साली बाजारात आलेल्या या गाडीत इंजिनाची ताकद चारही चाकांना मिळते. निसरड्या रस्त्यावर ती दगा देत नाही, अशी बहुतेक मालकांची ग्वाही आहे. तक्रार आहे ती इंजिनाची.

१९९६ च्या मॉडेलपासून आलेल्या अडीच लिटर इंजिनात हेड गॅस्केट गळण्याचा रोग अनेकांना भोवला. हे इंजिन आडवे असते. दोन बाजूंना दोन हेड, म्हणजे गॅस्केटही दोन. दुरुस्तीसाठी बहुधा इंजिनच खाली उतरवतात. जुन्या गाडीच्या किमतीच्या मानाने हा खर्च फारच जड. २०१३ च्या मॉडेलपासून नवे इंजिन आले, त्यात टायमिंग बेल्टऐवजी चेन आहे. गॅस्केटची ओरड कमी झाली; मात्र सुरुवातीच्या काही इंजिनांनी तेल खाल्ले.

जुनी गाडी घेणाऱ्याने आधी कूलंट व गॅस्केट तपासून घ्यावे, मग टायर पाहावेत, असे आम्ही सुचवू. चारही टायरांच्या घेरात पाव इंचाहून अधिक फरक नको, असे कंपनीच सांगते. झिजलेल्या तिघांसोबत एकच नवा टायर बसवला की ताकद वाटून देणाऱ्या यंत्रणेवर विनाकारण ताण येतो. म्हणून जाणते मालक चारही टायर एकदमच बदलतात.