हद्दीबाहेरचा पूर

चिखलदऱ्याजवळच्या वैराटची उंची अकराशे मीटरच्या वर आहे आणि परतवाडा जेमतेम पावणेचारशे मीटरवर. घाट उतरायला एसटीला तास लागतो, पाणीही फार वेळ लावत नाही. वर चिखलदऱ्यात वर्षाकाठी सुमारे दीड हजार मिलिमीटर पाऊस पडतो, खाली अचलपूर तालुक्यात त्याच्या निम्मा. वरचा निम्मा जास्तीचा पाऊस कुठेतरी उतरणारच. तो शहानूर, चंद्रभागा, सापन, बिच्छन अशा नद्यांनी उतरतो, पायथ्याच्या गावांना घासून जातो आणि पूर्णेत पडतो. यातल्या सापन आणि बिच्छन या दोन नद्या अचलपूर-परतवाडा या जोडगावाच्या वाट्याला आल्या आहेत.

सातपुड्याच्या पायथ्याला डोंगरातून वाहून आलेल्या गोट्यांचा, वाळूचा आणि रेतीमिश्रित मातीचा एक जाड पट्टा आहे. भूजलवाले त्याला बाजदा म्हणतात. हा पट्टा पाणी पिण्यात तरबेज आहे. डोंगर सोडून सपाटीला आलेली नदी इथे जमिनीत मुरते, म्हणून पात्र रुंद आणि पाणी नाही असा देखावा वर्षाचे नऊ-दहा महिने असतो. तापीचे पाणी जमिनीत मुरवू पाहणाऱ्या तापी महापुनर्भरण प्रकल्पाची सगळी भिस्त याच पट्ट्यावर आहे. 10 मे 2025 रोजी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी त्याच्या करारावर भोपाळमध्ये सह्या केल्या. मात्र पाणी पिणाऱ्या या जमिनीचाही एक वेग ठरलेला आहे. घाटमाथ्यावर दोन-तीन तासांत ढग फुटल्यासारखा पाऊस झाला, की मुरायला सवडच मिळत नाही. मग गोटे, ओंडके आणि गढूळ पाणी एकदमच येते, आणि तेही खाली आकाश कोरडे असताना.

पण नऊ महिने कोरडी दिसणारी नदी माणसाच्या मनातून उतरते. ‘नदीत पानीच कोठी हाये बाप्पा?’ हे वाक्य पायथ्याच्या कुठल्याही गावात ऐकू येईल. पात्रात आधी मुरूम पडतो, मग बांधकामाचा मलबा, मग एखादी टपरी, आणि शेवटी काठावरच्या घराची संरक्षक भिंत दोन हात पुढे सरकते. लिबियातल्या डेर्ना शहराचेही असेच होते. ज्या ‘वाडी’च्या, म्हणजे हंगामी नदीच्या, दोन्ही काठांवर शहर वसले, ती बहुतेक वर्षभर कोरडी असायची. 10 सप्टेंबर 2023 च्या रात्री वादळी पावसाने वरची दोन धरणे फुटली आणि शहराचा मधला भागच समुद्रात गेला. मृतांचा आकडा हजारांत मोजावा लागला. धरणांच्या डागडुजीचा प्रश्न तिथे वर्षानुवर्षे रेंगाळत होता.

सापनवर वझ्झरला धरण आहे. डेर्नाची भीती इथे जशीच्या तशी आणून उभी करणे अन्यायाचे होईल, कारण ती धरणे वेगळी आणि तिथली यादवीही वेगळी. पण धरणाखालच्या माणसाला वेळेत खबर मिळायला हवी, हा नियम दोन्हीकडे सारखाच लागू पडतो असे मला वाटते. आपल्या धरण सुरक्षा कायद्याने (2021) प्रत्येक विनिर्दिष्ट धरणाच्या मालकाला आपत्कालीन कृती आराखडा करायला सांगितले आहे आणि त्यासाठी पाच वर्षे दिली आहेत. कायदा 30 डिसेंबर 2021 ला लागू झाला. म्हणजे मुदत 2026 च्या अखेरीस संपते. दार उघडले तर पाणी किती वेळात कुठल्या पुलावर पोचेल, कोणाला आधी कळवायचे, लोकांनी कुठे जायचे, हे त्या आराखड्यात असते. तो पाटबंधारे कार्यालयाच्या कपाटात राहिला तर त्याचा उपयोग फक्त लेखापरीक्षकाला.

अचलपूर हे पाण्याचे भान नसलेले गाव कधीच नव्हते. इमादशाहीची ही राजधानी. गावाबाहेरच्या हौज कटोऱ्याचा अष्टकोनी मनोरा आजही तलावाच्या मधोमध उभा आहे. पाण्याचा साठा, वहन आणि विसावा या तिन्हींचा विचार करणारी माणसे इथे होती. दख्खनमध्ये पुढच्या काळात या विद्येत एक आफ्रिकेचा माणूसही अव्वल होता. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि पुढे निजामशाहीचा कर्ता झालेला मलिक अंबर. त्याने वसवलेल्या खडकीला, म्हणजे पुढच्या औरंगाबादला, जमिनीखालून पाणी आणणारी नहर-ए-अंबरी त्याचीच. आज आफ्रिकेतल्या शहरांना पूर-आपत्तीचे धडे देणारे तज्ज्ञ जगभरातून जातात, तेव्हा ही चारशे वर्षांपूर्वीची उलटी देवघेव आठवायला हरकत नाही.

परतवाडा मात्र इंग्रजी अमलातले. हैदराबाद कंटिंजंटची छावणी इथे होती, म्हणून अजून पत्त्यावर ‘अचलपूर कॅम्प’ लिहितात. 1905 मध्ये एलिचपूर जिल्हा अमरावतीत विलीन झाला, पुढच्या दशकात मूर्तिजापूरहून ‘शकुंतला’ ही छोटी रेल्वे आली, सागवानाच्या लाकडावर आरागिरण्या चालल्या. छावणी गेली, शकुंतलाही थांबली. पण बैतूल, धारणी, अमरावती आणि अकोटकडचे रस्ते इथे येऊन मिळत असल्यामुळे बाजार वाढतच राहिला. मेळघाटातल्या माणसाला दवाखाना, कॉलेज, कपडालत्ता, ट्रॅक्टरचा सुटा भाग यांसाठी परतवाडाच गाठावा लागतो.

आता जनगणना पाहा. 2001 मध्ये अचलपूर नगरपरिषदेची लोकसंख्या सुमारे 1 लाख 7 हजार, 2011 मध्ये सुमारे 1 लाख 12 हजार. दहा वर्षांत पाच हजारांची भर. कागद वाचणाऱ्याला वाटेल, गाव झोपलेले आहे. प्रत्यक्षात गाव नगरपरिषदेची हद्द ओलांडून कांडलीत आणि देवमाळीत पसरले आहे. कांडलीला जनगणनेने 2011 साली ‘जनगणना नगर’ म्हटले, म्हणजे शेतीबाहेरच्या कामावर जगणारी, दाट, शहरी वस्ती. पण कारभार ग्रामपंचायतीचा. माणसे शहराची, मोटारी शहराच्या, सांडपाणीही शहराचे. गटार बांधायचा पैसा आणि अभियंता मात्र खेड्याच्या हिशोबाचा.

माझ्या मते परतवाड्याच्या धोक्याची मेख नदीत कमी आणि या हद्दीत जास्त आहे.

ही मेख जमिनीवर कशी ठोकली जाते, ते कुठल्याही नव्या लेआऊटमध्ये उभे राहून पाहता येते. शेतातून जाणारा हंगामी नाला सातबाऱ्यावर ठळक नसतो. मोजणीच्या नकाशात तो एक बारीक वाकडी रेघ असतो. प्लॉट पाडताना ती रेघ सरळ होते, कारण वाकड्या रेघेच्या कडेचे प्लॉट विकले जात नाहीत. मग नाल्यावरून आत जायचा रस्ता हवा, म्हणून सिमेंटचा एक पाइप टाकतात आणि त्यावर मुरूम दाबतात. पाइप दोन हात रुंद, नाला मुळात पंधरा हात रुंद. पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत तो पाइप प्लास्टिक, तुराट्या आणि गाळाने अर्धा भरतो. काळी माती फुगते, कडेची भिंत तडकते. शेवटच्या ओळीतल्या घरात पाणी शिरते तेव्हा त्या घराचा मालक पुढच्या वर्षी जोते तीन फूट वाढवतो, आणि पाणी शेजाऱ्याकडे जाते. यात कोणीही बेकायदा काम केलेले नसू शकते. काही बेकायदा राहिलेच तर ते 2001 च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमित करून घेता येते, आणि 2021 च्या दुरुस्तीने ती सवलत 2020 अखेरपर्यंतच्या बांधकामांना मिळाली.

मोठ्या नद्यांसाठी आपल्याकडे निळी आणि लाल पूररेषा आखतात. निळी म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा. कोल्हापूर-सांगलीत 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांनंतर या रेषा लोकांच्या तोंडी आल्या. पण पात्र दिसायला नदीचे आणि वागायला नाल्याचे, अशा पायथ्याच्या पाण्याला ही रेषा नीट लागू पडत नाही. इथे पाण्याची उंची जितकी मारते, तितकाच त्याचा वेग आणि त्यातले ओंडके मारतात. शिवाय नाल्याला रेषाच नसते. परतवाड्यासारख्या गावांत पाणी घरात येते ते बहुतेक नाल्यातून.

पूर फक्त मोठ्या शहरात बातमी होतो. 22 जुलै 2021 च्या पहाटे अकोल्यात मोर्णा वस्त्यांत शिरली. 23 सप्टेंबर 2023 ला नागपुरात चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या सोसायट्यांतून माणसे बोटीने काढावी लागली. दोन्हीकडे महापालिका आहे, अग्निशमन आहे, कॅमेरे आहेत. नगरपरिषदेच्या गावाचे काय होते, ते वऱ्हाडाच्या शिवेवर 30 जुलै 1991 ला दिसले. वर्धा नदीच्या पुराने मोवाड हे गाव नेले. 204 माणसे गेली. ते गाव मग नव्या जागी वसवावे लागले.

म्हणूनच आपत्ती व्यवस्थापन कायद्यातली 2025 ची दुरुस्ती वाचताना मी अडखळलो. तिच्यात नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची तरतूद आली, ही चांगली गोष्ट. पण ती राज्यांच्या राजधान्या आणि महापालिका असलेल्या शहरांसाठी. अमरावती आणि अकोला त्यात बसतात, अचलपूर-परतवाडा बसत नाही. इथली जबाबदारी 2005 च्या मूळ कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा प्राधिकरणाकडेच राहते, आणि ते कार्यालय पन्नास किलोमीटर लांब आहे. कांडली तर नगरपरिषदही नाही.

आफ्रिकेतल्या वाढत्या शहरांचे अनुभव इथे कामाला येतात, कारण तिथलेही मुख्य दुखणे हेच आहे. शहर वाढते ते नकाशाच्या बाहेर. सिएरा लिओनच्या फ्रीटाऊनमध्ये 14 ऑगस्ट 2017 ला शुगर लोफचा डोंगर सुटला. उतारावरची झाडे तोडून घरे चढत गेली होती. अकराशेहून अधिक माणसे मेली किंवा बेपत्ता झाली. टांझानियाच्या दार-एस-सलाममध्ये तर सरकारनेच चूक केली. जलद बससेवेचे आगार म्सिंबाझी नदीच्या पूरपट्ट्यात, जांगवानीला बांधले आणि नवीकोरी बसगाड्यांची रांग पुन्हा पुन्हा पाण्यात उभी राहिली. पण त्याच शहरात 2015 पासून ‘रमानी हुरिया’ नावाने एक काम झाले. विद्यापीठातली मुले आणि वस्तीतले लोक यांनी मिळून गल्लीबोळातली गटारे, नाले आणि घरे मोबाइलवर नोंदवली. कुठल्या गटाराचे तोंड कुठे उघडते, ते महापालिकेला ठाऊक नव्हते, पण गल्लीतल्या बाईला ठाऊक होते. ते आता नकाशावर आले.

दक्षिण आफ्रिकेतले डर्बन मला याहून जवळचे वाटते. 11 आणि 12 एप्रिल 2022 च्या पावसात त्या भागात चारशेहून अधिक माणसे दगावली. पण पाल्मिएट नदीला अगदी चिकटून असलेल्या क्वारी रोड वेस्ट या झोपडपट्टीत कुणी मेले नाही. वरच्या भागातल्या पावसाची आणि नदीच्या पातळीची खबर देणारा व्हॉट्सॲप गट तिथे वस्तीतल्या लोकांनी, पालिकेने आणि विद्यापीठाने मिळून चालवला होता. घरे गेली, माणसे वेळेत हलली. सगळी यंत्रणा म्हणजे काही मोबाइल आणि एकमेकांवरचा विश्वास. मोझांबिकमधल्या बेइरा शहराने चिवेवे ही बुजलेली खाडीवजा नदी मोकळी करून तिच्या काठाला बाग केली. मार्च 2019 मध्ये इदाई चक्रीवादळाने त्या शहराची दैना केली, पण पाण्याचा निचरा होण्यात चिवेवेचा हात होता. बिच्छनच्या काठाला असे काही करायला हद्दीपलीकडे जागा अजून उरली आहे. दहा वर्षांनी उरलेली नसेल.

पूर हा इथला एकटाच धोका नाही, म्हणून भूकंपाचेही थोडक्यात. गाविलगड डोंगराच्या पायथ्याने एक मोठा भ्रंश जातो. ऑगस्ट 2018 मध्ये धारणी तालुक्यातल्या साद्राबाडीत जमिनीतून आवाज येत होते आणि धक्के बसत होते. 30 सप्टेंबर 2024 ला दुपारी 4.2 तीव्रतेचा धक्का बसला, तो चिखलदरा, काटकुंभ, चुर्णीबरोबर परतवाड्याच्या काही भागांतही जाणवला. 14 मार्च 1938 चा सातपुड्यातला मोठा भूकंप आता कोणाच्या स्मरणात नाही. घाबरून जाण्यासारखे काही नाही. पण शाळा, दवाखाना आणि टाकी बांधताना अभियंत्याने सळईत हात आखडू नये, एवढे तरी यातून घ्यावे. उन्हाचा प्रश्न वेगळा आणि जुना. अहमदाबादने 2013 साली देशातला पहिला उष्णता कृती आराखडा केला, त्याची नक्कल करायला परतवाड्याला कुणाची परवानगी लागत नाही.

पुराचे काम त्याहून थोडे अवघड, पण खर्चाचे नाही. परतवाड्यात महाविद्यालये आहेत, भूगोल आणि अभियांत्रिकी शिकणारी मुले आहेत. एका उन्हाळ्यात ती मुले कांडली, देवमाळी आणि कॅम्पमधला प्रत्येक नाला, पाइप आणि पूल मोबाइलवर नोंदवू शकतात, पाइपाच्या व्यासासकट. तो नकाशा नगररचनेच्या कार्यालयाने मान्य केला, तर पुढच्या लेआऊटला मंजुरी देताना नाल्याची वाकडी रेघ वाकडीच ठेवता येईल. दुसरी गोष्ट मे महिन्यातल्या पावसाळापूर्व बैठकीची. उपविभागीय अधिकाऱ्यांनी त्या बैठकीला नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांबरोबर कांडलीचे सरपंच, देवमाळीचे ग्रामपंचायत अधिकारी, वझ्झरच्या धरणावरचा कर्मचारी आणि घाटातल्या गावांतले वनरक्षक यांना एका खोलीत बसवावे, आणि उठण्याआधी सगळ्यांचे नंबर एका गटात टाकावेत. घाटात रात्री दोनला पाऊस कोसळला, तर वनरक्षकाचा पहिला फोन परतवाड्यात कोणाला जाईल, ते त्या बैठकीत नावानिशी ठरायला हवे.