पुलाला छप्पर कशासाठी?

अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या दक्षिण भागात मॅडिसन नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा कारभाराचा घटक, फक्त आकाराने आणि वस्तीने पुष्कळच लहान. मका आणि सोयाबीनची शेतं, खडीचे रस्ते, विंटरसेट हे काउंटीचं मुख्य गाव आणि त्या गावाच्या चौकात उभी असलेली चुनखडीची, घुमटाची, 1870च्या दशकातली न्यायकचेरी. जगाला मात्र ही काउंटी माहीत झाली ती तिथल्या लाकडी पुलांमुळे. रॉबर्ट जेम्स वॉलर यांची कादंबरी 1992 साली आली, 1995 साली तिच्यावरचा क्लिंट ईस्टवुडचा चित्रपट आला आणि छपराखालचे हे पूल प्रेमकथेचं नेपथ्य होऊन बसले. त्या प्रेमकथेत ज्याचा विचार कुणी करत नाही, ते या पुलांचं खरं मर्म आहे. पुलावर छप्पर का घालतात, आतला सांगाडा वजन कसं पेलतो आणि दीडशे वर्षांच्या आसपासची ही लाकडं अजून टिकली कशी, हे आपण क्रमाने पाहू.

छपराविषयी बरेच समज आहेत. घोडे पाणी पाहून बुजू नयेत म्हणून, वाटसरूंना पावसात आडोसा मिळावा म्हणून, बर्फ साचू नये म्हणून, असं काय काय सांगितलं जातं. शेवटचं कारण तर उलटंच आहे. हिवाळ्यात लोक घसरगाड्यांनी ये-जा करत, आणि छपरामुळे पुलाच्या फरशीवर बर्फच नसे. त्यामुळे बाहेरचं बर्फ फावड्याने आत आणून पसरावं लागे. छप्पर माणसासाठीही नव्हतं आणि जनावरासाठीही नव्हतं. ते पुलाच्या लाकडासाठी होतं.

लाकूड भिजलं म्हणून लगेच कुजत नाही. पण त्यातला ओलावा साधारण 20 टक्क्यांच्या वर जाऊन तिथेच राहिला, तर बुरशीला खायला मिळतं. पुलाच्या सांगाड्यात अशा जागा शेकड्यांनी असतात. जिथे दोन फळ्या एकमेकींवर टेकतात तिथे पाणी शिरतं आणि वाऱ्या-उन्हाला ते सापडत नाही. उघडा लाकडी पूल त्यामुळे दहा-पंधरा वर्षांत धोकादायक होत असे. टिमथी पामर या सुताराने फिलाडेल्फियाला स्कूलकिल नदीवर मोठा पूल बांधला आणि 1805 साली त्यावर छप्पर चढलं, तो अमेरिकेतला नोंद असलेला पहिला आच्छादित पूल. हिशेब साधा होता: बाजूच्या पातळ फळ्या आणि वरचं छप्पर कुजलं तर बदलायला स्वस्त आणि सोपं, आतली जाड लाकडं बदलायची तर पूलच उतरवावा लागतो. मॅडिसन काउंटीच्या कारभाऱ्यांनीही हाच हिशेब केला. म्हणजे रस्त्यावरून आपल्याला जो लाल रंगाचा पूल दिसतो, तो खरं तर पुलाचा रेनकोट. पूल आत आहे.

आत गेलं की दोन्ही बाजूंना तिरप्या फळ्यांची उंच जाळी दिसते, वेल चढवायला बांधतात तशी, फक्त प्रत्येक फळी दोन-तीन इंच जाड. ही रचना इथिएल टाउन या कनेटिकटच्या वास्तुविशारदाची. त्याने 1820 साली तिचं पेटंट घेतलं. त्याआधी पुलाच्या सांगाड्याला अजस्र तुळया लागत, आणि त्यांचे सांधे तासायला कसलेला कारागीर लागे. टाउनने दोन्ही गरजा काढून टाकल्या. कुठल्याही करवती गिरणीत मिळतील अशा एकसारख्या मापाच्या फळ्या घ्यायच्या, त्या एकमेकींवर तिरप्या टाकायच्या, आणि जिथे जिथे त्या छेदतात तिथे भोकं पाडून ओकच्या जाड खुंट्या ठोकायच्या. खिळा नाही, लोखंडी पट्टी नाही. गावचा बऱ्यापैकी सुतार आणि चार-सहा हात एवढ्यावर काम भागे. टाउन प्रत्यक्ष पूल बांधण्यापेक्षा हक्क विकून जास्त कमावत असे. फुटामागे 1 डॉलर, आणि परवानगीशिवाय बांधून सापडलात तर 2, असं सांगतात. मॅडिसन काउंटीत पूल उभे राहिले तोवर त्या पेटंटची मुदत कधीच संपली होती, हेही त्यांच्या स्वस्ताईचं एक कारण.

आता वजनाचा प्रवास पाहू. गवताने भरलेली गाडी पुलावर आली की तिचं वजन फरशीच्या फळ्यांवर पडतं, फळ्यांवरून आडव्या तुळयांवर आणि तुळयांवरून दोन्ही बाजूंच्या जाळ्यांवर जातं. प्रत्येक जाळीच्या वर आणि खाली लांबच लांब पट्टे असतात. गाडी मधोमध आली की पूल खाली वाकू पाहतो. तेव्हा वरचा पट्टा दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. तिरप्या फळ्यांपैकी एका दिशेच्या दाब घेतात, दुसऱ्या दिशेच्या ओढ घेतात, आणि असं करत सगळा भार दोन्ही काठांवरच्या दगडी पायांपर्यंत पोचवतात.

यात खरी पंचाईत खालच्या पट्ट्याची असते. लाकूड दाब मजेत सोसतं. ओढही सोसतं, पण सांध्यात नाही. शंभर फुटी फळी तर कुठल्याच झाडातून निघत नाही. म्हणून पट्टा अनेक फळ्यांच्या थरांचा करतात आणि एका थरातला सांधा दुसऱ्या थरातल्या सलग फळीसमोर येईल अशी जुळणी करतात. एका जागी सगळे थर तुटलेले कधीच नसतात. शेकडो खुंट्यांमध्ये भार वाटला गेल्यामुळे एखादी खुंटी सैल झाली तरी पूल कोसळत नाही, हा या जाळीचा मोठा गुण. दोष असा की फळ्या फार लागतात, आणि जाळी स्वतः पातळ असल्यामुळे बाजूला कलंडायला पाहते. तिथे छपराचा दुसरा उपयोग होतो. वरच्या आडव्या आणि तिरप्या आधारांनी दोन्ही जाळ्या एकमेकींना बांधल्या जातात आणि वाऱ्यापुढे ताठ उभ्या राहतात.

काउंटीत असे एकूण 19 पूल बांधले गेले, आज 6 उरलेत. बहुतेकांना नावं मिळाली ती जवळ राहणाऱ्या शेतकऱ्याच्या आडनावावरून. आइम्स आणि कटलर-डोनाहो हे दोघे 1870चे, उतरत्या छपराचे. त्यानंतर बेंटन जोन्स या कंत्राटदाराचा जमाना आला. त्याने छप्परं सपाट केली. सपाट छपराचा आच्छादित पूल इतरत्र क्वचित दिसतो, त्यामुळे जोन्सचा पूल लांबूनही ओळखू येतो. त्याचा 1880चा हॉलिवेल पूल 122 फूट लांब, सहांमध्ये सर्वांत लांब, आणि एवढ्या लांबीसाठी जाळीला लाकडी कमानींची जोड दिलेली. 1883चा रोझमन 107 फुटांचा, 1884चा हॉगबॅक 97 फुटांचा. चित्रपटातली नायिका याच पुलावर चिठ्ठी अडकवते, म्हणून रोझमनवर गर्दी होते. माझा कौल हॉलिवेलला. कमान आणि जाळी एकत्र काम करताना पाहायची असेल तर तिथेच जावं.

उरलेले 13 गेले कुठे? काही पुरात गेले, काही जीर्ण झाले, आणि बरेच मोटारींच्या काळात अरुंद ठरून गेले. मळणीयंत्र किंवा मालट्रक यांचं वजन आणि उंची जोन्सच्या हिशेबात कधीच नव्हती. अशा वेळी तीन वाटा उरतात: पाडायचा, शेजारून नवा रस्ता काढून जुना फक्त पायी जाणाऱ्यांसाठी ठेवायचा, किंवा उचलून दुसरीकडे न्यायचा.

उचलणं वाटतं तितकं अशक्य नाही. असा पूल फक्त दोन टोकांना टेकलेला असतो आणि बाकी सगळा स्वतःच्या अंगावर उभा असतो. त्यामुळे खाली पोलादी तुळया सरकवून, जॅकने उचलून तो चाकांवर घेता येतो. आइम्स पूल तर दोनदा हलला आहे. 1887 साली तो एका ओढ्यावर नेला, आणि 1977 साली सेंट चार्ल्स गावात आला. कटलर-डोनाहो 1970 साली विंटरसेटच्या बागेत जाऊन बसला. सहांतला सीडर पूलही 1921 साली आपली मूळ जागा सोडून आला होता.

देखभालीचं काम बाहेरून कंटाळवाणं दिसतं, पण सगळं आयुष्य त्यावर अवलंबून असतं. तपासणारा माणूस आधी पुलाच्या टोकांकडे वळतो. चाकांबरोबर आलेली माती आणि वाऱ्याने आलेला पाचोळा तिथे खालच्या पट्ट्याभोवती साचतो, ओल धरतो, आणि कुजणं तिथूनच सुरू होतं. टोच्या सहज आत गेला की तेवढा तुकडा कापून नवा जोडायचा. मग छप्पर, बाजूच्या फळ्या, फरशी, आणि पोट खाली आलं असेल तर सांगाडा पुन्हा वर उचलणं. 1992 साली रोझमनची डागडुजी झाली तेव्हा दीड लाख डॉलरच्या आसपास खर्च आला. हॉलिवेलला 1995 साली सव्वादोन लाख लागले.

इथे एका गैरसमजाकडे वळायला हवं. यांतले बहुतेक पूल 1976 साली राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत नोंदले गेले. ही यादी 1966च्या कायद्याने सुरू झाली. तिच्यात नाव आलं म्हणजे सरकारने वास्तू ताब्यात घेतली, असं आपल्याला वाटतं. तसं काही नसतं. खासगी मालक स्वतःच्या पैशाने नोंदलेली इमारत पाडायला निघाला तर ही यादी त्याला अडवू शकत नाही. केंद्र सरकारचा पैसा किंवा परवाना गुंतला असेल तेव्हा मात्र वास्तूवर काय परिणाम होईल याचा आधी विचार करणं बंधनकारक होतं. उत्पन्न देणाऱ्या नोंदलेल्या इमारतीच्या दुरुस्तीवर खर्चाच्या 20 टक्के करसवलत मिळते, पण पुलावर भाडं कुठून येणार? आच्छादित पुलांसाठी 1998च्या वाहतूक कायद्यात वेगळी अनुदान योजना आली. एरवी भार काउंटीच्याच तिजोरीवर आणि दर ऑक्टोबरमध्ये पुलांच्या नावाने जत्रा भरवणाऱ्या गावकऱ्यांवर असतो. ही जत्रा 1970 पासून चालू आहे.

ज्या छपराने लाकूड कोरडं ठेवलं त्यानेच दुसरं संकट ओढवलं. शंभर वर्षं वाळलेल्या फळ्या, मधून खेळती हवा आणि आजूबाजूला वस्ती नाही, म्हणजे काडी ओढली की पूल तासाभरात संपतो. काउंटीतलाच मॅकब्राइड पूल 1983 साली लावलेल्या आगीत गेला. सीडर पूल 2002 साली कुणीतरी जाळला. काउंटीने जुन्या आराखड्यांवरून तो पुन्हा उभा केला आणि 2004 साली खुला झाला. 2017च्या एप्रिलमध्ये तो पुन्हा पेटवला गेला, आणि 2019 साली तिसऱ्यांदा उभा राहिला.

मग सीडर पूल 1883चा म्हणायचा की 2019चा? यादीचे नियम नव्याने उभारलेल्या वास्तूला सहजासहजी आत घेत नाहीत, कारण त्यांना मूळ लाकूड हवं असतं. नियम बरोबर आहे. तरीही मला काउंटीची बाजू पटते. टाउनची जाळी पुन्हा पुन्हा बांधता यावी म्हणूनच सोपी केलेली होती. ज्यांनी 2019 साली ती भोकं पाडली आणि खुंट्या ठोकल्या त्यांना आता तो पूल कसा बांधतात हे हाताने ठाऊक आहे. रोझमनच्या जुन्या लाकडावर उद्या काही प्रसंग आला, तर काउंटीला त्या हातांची गरज पडेल.