नाव मोठं, लक्षण खोटं!

बाबांच्या बोनसमधले थोडे, तुमच्या शिकवण्यांचे थोडे, आजीने हळूच हातात ठेवलेले थोडे, असे चाळीसेक हजार जमलेत. मुलुंडहून किंवा घाटकोपरहून दादरला गाडी बदलून, नाहीतर अंधेरी-बोरिवलीहून थेट, तुम्ही ग्रँट रोडला उतरता आणि लॅमिंग्टन रोडवर शिरता. पहिल्याच दुकानात काउंटरवरचा दादा म्हणतो, ‘‘आय सेव्हन देतो, एकदम स्वस्तात!’’ तुमचे डोळे चमकतात.

थांबा. खिशातून पैसे काढण्याआधी एकच प्रश्न विचारा, ‘‘कितवी जनरेशन?’’

आकडा पूर्ण वाचा

आय थ्री, आय फाइव्ह, आय सेव्हन ही फक्त आडनावं. खरी ओळख पुढच्या आकड्यात असते. आय७-४७७० म्हणजे चौथी पिढी, २०१३ सालची. आय३-१२१०० म्हणजे बारावी पिढी, २०२२ची. दोघांनाही चार कोअर आणि आठ थ्रेड. पण धाकटा ‘आय थ्री’ त्या थोरल्या ‘आय सेव्हन’ला आरामात मागे टाकतो, कारण प्रत्येक कोअर तेवढ्याच वेळात जास्त काम उरकतो. शिवाय विंडोज ११ला इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो आणि विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपलाय. म्हणजे स्वस्तातला तो ‘आय सेव्हन’ घरी येतानाच म्हातारा झालेला असतो.

शेवटचं अक्षर महागात पडतं

आकड्यानंतरचं अक्षर तर हमखास सुटतं. आय५-१२४०० आणि आय५-१२४००एफ दिसायला जुळे भाऊ. दोघांनाही सहा कोअर. पण ‘एफ’वाल्यात ग्राफिक्स नसतं. वेगळं ग्राफिक्स कार्ड लावणार नसाल, तर घरी सगळं जोडून झाल्यावर पंखा फिरेल, दिवे लागतील आणि स्क्रीन मात्र काळीच राहील. मदरबोर्डवर एचडीएमआयचं भोक असतं, म्हणून चालेल असं वाटतं. नाही चालत.

एएमडीकडे खूण वेगळी. रायझन ५ ५६००मध्ये ग्राफिक्स नाही, ५६००जीमध्ये आहे. मग सगळ्यांनी ‘जी’च घ्यावा का? तसंही नाही. ‘जी’मध्ये एल३ कॅशे १६ एमबी, साध्या ५६००मध्ये ३२. त्यामुळे पुढे ग्राफिक्स कार्ड घेऊन गेमिंग करायचं नक्की असेल तर साधा ५६०० बरा. कार्ड घेणं जमणार नसेल तर ‘जी’.

गणित अख्ख्या मशीनचं करा

इथे बहुतेक जण चुकतात. समजा, एक प्रोसेसर आठ हजारांचा, दुसरा बारा हजारांचा आणि दुसरा २५ टक्के वेगवान. पैसे ५० टक्के जास्त, वेग २५ टक्केच, म्हणजे पहिलाच पैसा वसूल ना? पण नुसता प्रोसेसर टेबलावर ठेवून काय करणार? बोर्ड, रॅम, एसएसडी, कॅबिनेट, पॉवर सप्लाय, मॉनिटर मिळून आणखी २७ हजार धरा. आता एक मशीन ३५ हजारांना, दुसरं ३९ हजारांना. जेमतेम ११-१२ टक्के जास्त पैशांत २५ टक्के वेग! उत्तर उलटं झालं.

अट एकच, तो वेग तुमच्या कामात वापरला गेला पाहिजे. व्हिडिओ एडिटिंग, थ्रीडी किंवा मोठे प्रोजेक्ट कम्पाइल करणाऱ्याला सहा कोअर लागतात. टॅली, एक्सेल, ऑनलाइन लेक्चर आणि थोडंफार पायथन एवढंच असेल तर चार कोअरचा नवा प्रोसेसर पुरे. उरलेले चार हजार रॅम आणि एसएसडीत घाला. तिथे फरक रोज जाणवेल.

कोंबडी आणि मसाला

प्रोसेसर स्वस्त आणि त्याला लागणारा बोर्ड-रॅम महाग, तर ती चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. एएमडीचा एएम४ सॉकेट २०१६चा. त्यावर डीडीआर४ रॅम चालते आणि जुना बोर्ड सेकंडहँडही मिळतो. २०२२ला आलेल्या एएम५वर फक्त डीडीआर५ चालते, पण २०२७ आणि त्यापुढेही या सॉकेटला साथ देऊ, असं कंपनीने जाहीर केलंय. २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव जोरात चढले, त्यामुळे हा हिशेब आता आणखी महत्त्वाचा. दोन-तीन वर्षांत प्रोसेसर बदलायचा विचार आहे? एएम५ बघा. एकदा घेतला की डिग्री होईपर्यंत हात लावायचा नाही? एएम४ किंवा इंटेलची बारावी पिढी खुशाल घ्या.

काउंटरवर उभं असताना

* कोटेशन कागदावर घ्या, पूर्ण मॉडेल नंबरसकट. किमान तीन दुकानं फिरा.
* प्रोसेसर ‘बॉक्स’ आहे की ‘ट्रे’, ते विचारा. बॉक्सवर साधारणपणे कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते. ट्रेमध्ये पंखा नसतो आणि वॉरंटी बहुतेकदा दुकानदाराच्या शब्दावर.
* १६ जीबी रॅम हवी तर ८-८च्या दोन घ्या. कार्ड नसलेल्या मशीनमध्ये फरक लगेच दिसतो.
* जुन्या बोर्डवर नवा प्रोसेसर लावत असाल तर बायोस अपडेट दुकानातच करून घ्या.
* ‘‘बिलाशिवाय स्वस्त देतो’’ म्हटलं तरी जीएसटीचं पक्कं बिल घ्या. सहा महिन्यांनी मशीन बंद पडलं की तोच कागद कामी येतो.

आणि हो, दुकानदार ‘‘हाच घ्या, सगळे हाच नेतात’’ म्हणाला, तर हसून मान हलवा. सगळे काय करतात ते त्याला माहीत असेल. तुम्ही काय करणार आहात, ते तुम्हालाच माहीत. परतीच्या गाडीत मांडीवरचं खोकं सांभाळताना ‘घाई केली का?’ असं वाटायला नको, एवढं जमलं तरी चाळीस हजार सार्थकी लागले.