काच टिचली, क्लेम करायचा का?

पुढच्या काचेवर खडा बसला की गाडीवाला पहिले विचारतो, "इन्शुरन्समधून होईल ना?" उज्जैनमध्ये 2028 च्या सिंहस्थापर्यंत हा प्रश्न वरचेवर ऐकू येणार. इंदूर–उज्जैन रस्त्याच्या सहापदरीकरणाचे भूमिपूजन सप्टेंबर 2024 मध्ये झाले. काम चालू असलेला रस्ता आणि गिट्टीने भरलेले डंपर म्हणजे मागच्या गाडीच्या काचेवर संकट. ऑक्टोबर 2022 मध्ये उज्जैनच्या महाकाल मंदिरालगतचे महाकाल लोक खुले झाले, तिथे महाराष्ट्रातूनही भाविक गाड्या घेऊन येतात. काचेचे दुकान टाकणाऱ्याला गिऱ्हाईक शोधत फिरायला नको. ते टिकवायचे असेल तर मात्र विम्याचा हिशेब त्याला तोंडपाठ हवा.

पुढची काच दोन थरांची असते, मध्ये प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा. म्हणून ती विखुरत नाही. टवका उडतो किंवा तडा जातो. नाण्याहून लहान टवका चालकाच्या थेट नजरेसमोर नसेल, तर त्यात रेझिन भरून अतिनील दिव्याने ते घट्ट करता येते. मात्र धूळ-पाणी शिरण्याआधी यायला हवे. टवक्यावर पारदर्शक टेप लावून दुकान गाठावे. उन्हात तापलेल्या काचेवर एकदम एसीचा गार झोत सोडला, तर टवक्याचा तडा होतो. बाजूच्या आणि मागच्या काचा बहुधा कडक केलेल्या असतात. त्या फुटल्या की चुराच होतो, तिथे दुरुस्ती नाही.

आता पैशाचे. थर्ड पार्टी विम्यात स्वतःच्या गाडीची काच येत नाही, त्यासाठी 'ओन डॅमेज' लागते. तिथे काचेवर घसारा कापत नाहीत, रबरी बीडिंगवर मात्र 50 टक्के कापतात. 1500 सीसीपर्यंतच्या मोटारीला पहिले 1000 रुपये आणि त्यावरच्या मोटारीला 2000 रुपये मालकानेच सोसायचे असतात. टवक्याची दुरुस्ती बहुधा याच रकमेत आटोपते, म्हणजे क्लेम करून हाती काहीच येत नाही. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, मात्र जातो.

हा बोनस लोक फार हलक्यात घेतात. ओन डॅमेजचा मूळ हप्ता 8000 रुपये आणि बोनस 35 टक्के धरू. क्लेम केला नाही, तर पुढच्या वर्षी 45 आणि मग 50 टक्के. केला, तर शून्यावरून 20, 25, 35, 45 अशी पुन्हा चढण. हप्ता तेवढाच राहिला, तर पाच वर्षांत 9600 रुपये जादा जातात. सात हजारांच्या काचेसाठी हा सौदा तोट्याचा आहे. बोनस राखणारे जोडकलम पॉलिसीत असेल, किंवा काचेमागे कॅमेरा असलेली महाग गाडी असेल, तर क्लेम जरूर करावा. कंपनीला आधी कळवावे, फोटो काढावेत आणि पाहणी होईपर्यंत काच काढू नये.

गिऱ्हाइकाला हे सरळ सांगणारा दुकानदार आजची मोठी पावती कदाचित गमावेल. पण टॅक्सीवाले, ट्रॅव्हल्सवाले आणि विमा एजंट पुढचे गिऱ्हाईक त्याच्याकडेच धाडतील. नानाखेडा बसस्टँड किंवा फ्रीगंजमधल्या कोणत्याही जाहिरातीपेक्षा मी यावर जास्त भरवसा ठेवीन. पक्के जीएसटी बिल द्यावे. नवी काच बसवल्यावर चिकटद्रव्य सुकेपर्यंत गाडी सोडू नये, कारण अपघातात पुढच्या प्रवाशाची एअरबॅग बहुधा त्या काचेच्या आधारानेच फुगते. दुकानदाराने स्वतःचाही विमा काढावा. ताब्यातल्या गाड्यांसाठी वेगळी पॉलिसी मिळते, आणि दुकानातल्या मालासाठी एप्रिल 2021 पासून 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' आहे.

मोटारमालकांना एक कळकळीचे सांगणे. सप्टेंबर 2018 पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, ओन डॅमेज मात्र अनेकदा एकाच वर्षाचे असते. उज्जैनच्या विक्रम व्यापार मेळ्यात 50 टक्के करसवलतीत गाडी घेतलेल्यांनी तर हे आवर्जून पाहावे. पॉलिसीत दोन वेगळ्या तारखा छापलेल्या असतात. ओन डॅमेजची तारीख आजच वाचा.