टोकन वाढले, मग पैसे का घटले?



शेकडेवारी शिकवताना मी एक उदाहरण हमखास देतो. ते पुस्तकातलं नाही, माझ्याच खिशातलं आहे.

जुलै 2020. लॉकडाऊन, शाळा बंद, दिवसभर मोबाईलवर ऑनलाईन तास. त्याच मोबाईलवर अँपलफोर्थ या क्रिप्टो टोकनबद्दल वाचलं. 'रोज सकाळी टोकन आपोआप वाढतात' एवढं एकच वाक्य डोक्यात बसलं. मुलीच्या लॅपटॉपसाठी बाजूला ठेवलेले 15,000 रुपये मी घरात न सांगता त्यात घातले.

लवचिक पुरवठा म्हणजे काय?

2019 मध्ये सुरू झालेल्या या टोकनचं तेव्हाचं लक्ष्य साधारण एक डॉलर भाव हे होतं. भाव लक्ष्याच्या बराच वर गेला की सगळ्यांच्या खात्यातले टोकन वाढतात आणि बराच खाली गेला की कमी होतात. या फेरबदलाला 'रिबेस' म्हणतात. तो दिवसातून एकदा, आपल्याकडच्या सकाळी साडेसातला होतो. त्या काळी भावातल्या फरकाच्या साधारण दहावा भाग रोज पुरवठ्यात वाढवला किंवा घटवला जाई.

माझा हिशेब

समजायला सोपं जावं म्हणून आकडे गोल केले आहेत. एक डॉलर म्हणजे 75 रुपये धरू.

- खरेदी : 100 टोकन × 150 रुपये = 15,000 रुपये.
- भाव 2 डॉलर, म्हणजे लक्ष्यापेक्षा 100 टक्के जास्त. त्याचा दहावा भाग 10 टक्के. दुसऱ्या दिवशी सकाळी 110 टोकन!

वाढ अशीच होत राहिली. काही दिवसांत 240 टोकन झाले. मग मात्र राहवेना, घरी सांगून टाकलं. मुलगी म्हणाली, "बाबा, अडीचपट झाले ना? मग लॅपटॉप कधी आणायचा?"

मी त्या दिवशीचा भाव पाहिला. 45 रुपये.

240 × 45 = 10,800 रुपये.

टोकन जवळजवळ अडीचपट, पण पैसे 4,200 रुपयांनी कमी! त्यात भाव आता लक्ष्यापेक्षा 40 टक्के खाली होता. म्हणजे दुसऱ्या दिवशी 4 टक्के टोकनही गेले, उरले 230. भाव पडला की एक फटका, टोकन घटले की दुसरा. मी विकून मोकळा झालो. लॅपटॉप पुढच्या वर्षावर गेला आणि मुलगी ते वर्ष जुन्या मोबाईलवरच शिकली.

चूक कुठे झाली?

एका भाकरीचे चार तुकडे करा नाहीतर आठ, भाकरी तेवढीच राहते. रिबेसमध्ये टोकन फक्त माझेच वाढत नव्हते, सगळ्यांचेच त्याच प्रमाणात वाढत होते. एकूण 1 कोटी टोकनांपैकी माझे 100 असतील, तर उद्या 1 कोटी 10 लाखांपैकी 110. माझा वाटा लाखात एक होता, लाखात एकच राहिला. वाढ झाली ती फक्त आकड्याची. त्या वाट्याची किंमत मात्र लोक घेतात की विकतात यावरच ठरत होती.

यात कोणी मला फसवलं असं मी म्हणणार नाही. नियम सगळ्यांसाठी खुले होते. मी त्यातलं 'वाढतात' वाचलं, 'घटतात' वाचलं नाही.

पालकांसाठी

1 एप्रिल 2022 पासून आपल्याकडे क्रिप्टोच्या नफ्यावर 30 टक्के कर आहे आणि एका टोकनमधला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. म्हणजे तोटा झाला तर तो पूर्ण आपलाच.

वर्गासाठी कृती

मुलांना विचारा : 200 टोकन, भाव 60 रुपये. टोकन 10 टक्के वाढले, भाव 20 टक्के पडला. फायदा की तोटा? बरीच मुलं पटकन '10 टक्के तोटा' म्हणतील. वहीत करायला लावा : 220 × 48 = 10,560. आधी होते 12,000. तोटा 12 टक्के.

हे गणित मला शिकवता येत होतं. स्वतःचे पैसे घालताना तेवढं करायचं राहून गेलं.