ठिबकची नळी कोण तोडतं – खार की उंदीर?

चैत्र-वैशाखात केळीच्या बागेत गेलं की ठिबकची नळी कुरतडलेली दिसते. एका झाडापाशी चिखल, पुढची ओळ कोरडी. चांगदेव, अंतुर्लीकडे हे गाऱ्हाणं नेहमीचंच आहे. राग येतो आणि हात सरळ विषाच्या पुडीकडे जातो. पण आधी चोर ओळखा.

खार दिवसा हिंडते, उंदीर रात्री. संध्याकाळी नळ्या पाहून ठेवा आणि पुन्हा उजाडताच पाहा. रात्रीतून तुटली तर काम उंदराचं. सकाळी शाबूत होती आणि दुपारी गळू लागली, तर बहुतेक खार. दोघांचेही पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, ते झिजवायला काहीतरी कुरतडावंच लागतं. त्यात उन्हाळ्यात नळीत पाणी असतं, हे त्यांना कळतं.

खारीला मारू नका. पाठीवर रामाची बोटं उमटली म्हणतात ते असो, पण ती तहानलेली असते. बांधावरच्या झाडाखाली दोन-तीन पसरट मातीची भांडी ठेवून रोज पाणी भरा. भांडं चार दिवस कोरडं राहिलं की ती पुन्हा नळीवर येते. रान रिकामं असेल तेव्हा नळ्या गुंडाळून वर टांगून ठेवा.

उंदराचं मात्र तसं नाही. मादी तीन आठवड्यांत विते आणि एका वेताला सहा-आठ पिल्लं देते. तेव्हा उपाय पेरणीआधी, मे-जूनमध्येच करावा. त्या वेळी रान मोकळं असतं आणि बांधावरची बिळं उघडी दिसतात. एकट्यानं करून फायदा नाही, शेजारच्या रानातले उंदीर आठ दिवसांत तुमच्याकडे येतील. शिवारातल्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात हे करावं.

पहिल्या दिवशी संध्याकाळी सगळी बिळं मातीनं बुजवा. सकाळी जी उकरलेली दिसतील, तीच चालू बिळं. बाकीच्यांत विष टाकणं म्हणजे पैसा मातीत घालणं. उंदीर मोजके असतील तर बाकीची तोंडं बंद करून कुदळीनं खणा. बिळात हात घालू नका, आत नाग-घोणसही असतात. पिंजरा लावायचा तर शेंगदाणा किंवा भज्याचा तुकडा ठेवून दिवस मावळल्यावर लावा आणि उजाडताच झाकून टाका, म्हणजे खार अडकत नाही.

उंदीर फार झाले तर झिंक फॉस्फाईड. उंदीर बुजरा, नवं खाणं लगेच घेत नाही. म्हणून दोन-तीन दिवस नुसती तेल लावलेली भरड बिळात टाका. खाऊ लागला की एक किलो आमिषासाठी ९६० ग्रॅम भरड, २० ग्रॅम गोडेतेल आणि २० ग्रॅम औषध काठीनं कालवा. हातानं कधीच नको, आणि तोंडाला फडकं बांधा. सुमारे १० ग्रॅमची कागदी पुडी बिळात खोल सारा आणि तोंड मातीनं बंद करा. बांधावर उघडं टाकलं तर खार, मोर, कुत्रं, शेळी, कोणीही खाईल. यावर उतारा नाही. कोणाच्या पोटात गेल्याची नुसती शंका आली तरी पुडीचं वेष्टण घेऊन तडक दवाखान्यात जा.

दुसऱ्या दिवशी मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरा. उघडे पडले तर घुबड-घार खाऊन मरतात, आणि घुबडासारखा उंदीर मारणारा दुसरा गडी नाही. वाचलेले उंदीर त्या चवीला ओळखतात, तेव्हा तेच औषध लगेच पुन्हा वापरू नका. त्यांच्यासाठी ब्रोमाडिओलोनच्या तयार वड्या मिळतात, त्याही बिळाच्या आतच ठेवायच्या. कालवलेलं आमिष उरलं तर घरी आणू नका, विहिरीपासून लांब पुरून टाका. कालवलेलं भांडं पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नये.